सीमाभागातील क्षयरोग प्रकल्पाचे परदेशी अनुदान : करारापासून अखेरच्या हिशेबापर्यंत

कर्नाटकातल्या कागवाड तालुक्यातल्या एखाद्या शेतमजुराचा खोकला तीन आठवडे हटला नाही की तो बहुधा मिरजेची वाट धरतो, कारण त्याच्या आजोबांच्या काळापासून मोठ्या आजाराला मिरज हाच उपाय ठरलेला आहे. तिथला डॉक्टर क्षयरोगाचे निदान करतो, क्षयरुग्णांच्या नोंदणीसाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोर्टलवर नोंद करतो आणि ती नोंद सांगली जिल्ह्याच्या नावावर पडते. रुग्ण मात्र औषधाची चिठ्ठी घेऊन घरी परततो. त्यानंतर बेळगाव जिल्ह्यातल्या संस्थेची कार्यकर्ती त्याच्या घरी जाते, घरातल्या पाच जणांची चौकशी करते, दोघांची थुंकी तपासणीला पाठवते आणि सहा महिने त्याच्या गोळ्यांवर लक्ष ठेवते. तिमाही अहवालात तिचा प्रवासखर्च दिसतो, मानधन दिसते. रुग्ण मात्र दिसत नाही, कारण तो दुसऱ्या राज्यात मोजला गेलेला असतो.

अनुदान सांभाळणे म्हणजे पैसा सांभाळणे असे बहुतेक संस्थाचालक मानतात आणि म्हणून ते काम हिशेबनिसावर सोपवून मोकळे होतात. प्रत्यक्षात बँकेचे पासबुक, व्हाउचरची फाइल आणि निक्षयची नोंद या तिन्हींचा दर महिन्याला मेळ घालणे हे या कामाचे मर्म आहे, आणि सीमाभागात तोच मेळ बसवणे सर्वांत अवघड जाते. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कागवाड या पट्ट्यात काम करणाऱ्या संस्थांचे सचिव, समन्वयक आणि हिशेबनीस यांना समोर ठेवून पुढील मजकूर लिहिला आहे.

पैसा कोणाचा आणि करार कोणाशी

एड्स, क्षयरोग आणि मलेरिया यांसाठीचा ग्लोबल फंड २००२ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे मुख्यालय जिनिव्हात आहे. देशोदेशी त्याची कार्यालये नाहीत. त्याऐवजी देशपातळीवरची समन्वय यंत्रणा प्रस्ताव पाठवते, मुख्य प्राप्तकर्ता करारावर सही करतो, त्याच्या हाताखाली उपप्राप्तकर्ते काम करतात आणि स्थानिक निधी प्रतिनिधी म्हणून नेमलेली एक स्वतंत्र फर्म या सर्वांची कागदपत्रे तपासते. निधीचे वाटप साधारणपणे तीन वर्षांच्या चक्राने होते. २०१० मध्ये सुरू झालेला अक्षय प्रकल्प आणि २०१८ मध्ये खासगी डॉक्टरांच्या रुग्णांसाठी सुरू झालेला जीत प्रकल्प हे याच पैशावर चालले. बेळगावच्या संस्थेशी करार झाला तर तो सहसा जिनिव्हाशी नसून वरच्या पायरीवरच्या संस्थेशी होतो, आणि त्या संस्थेची नियमपुस्तिका मूळ देणगीदारापेक्षा कडक असू शकते. म्हणून दोन्ही पुस्तिका मागून घ्याव्यात आणि जिथे फरक दिसेल तिथे कडक नियम पाळावा.

जागतिक बँकेने २०१९ मध्ये भारताच्या क्षयरोग निर्मूलनासाठी ४० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले, परंतु ती रक्कम केंद्र सरकारच्या कार्यक्रमासाठी आणि ठरलेल्या फलितांशी बांधलेली होती. संस्थांनी तिच्याकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नव्हता. लहान संस्थांना थेट अर्ज करता येईल असा मार्ग म्हणजे स्टॉप टीबी पार्टनरशिपचा २०१० पासून चालू असलेला टीबी रीच हा उपक्रम. त्यात नेहमीच्या नोंदणीपेक्षा किती रुग्ण जास्त सापडले यावर भर असतो, आणि ही ‘जास्त’ची व्याख्या पुढे अडचणीत आणते.

अमेरिकी सरकारच्या यूएसएआयडी या मदतसंस्थेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना २० जानेवारी २०२५ नंतर जे सोसावे लागले ते आता सर्वांच्या स्मरणात आहे. त्या दिवशीच्या आदेशाने परदेशी मदत थांबली आणि १ जुलै २०२५ पासून ती संस्थाच बंद झाली. तेव्हापासून कोणताही करार हाती आला की मी आधी रकमेचे पान न उघडता करार संपुष्टात आणण्याचे कलम वाचतो. काम थांबवण्याची सूचना आल्यानंतर कोणता खर्च मान्य होईल, कर्मचाऱ्यांचा सूचनाकाळाचा पगार त्यात बसतो का, घरमालकाशी केलेल्या भाडेकराराची उरलेली रक्कम कोण भरणार, हे तिथे लिहिलेले नसेल तर सहीपूर्वी पत्राने विचारून घ्यावे. शिवाय किमान दोन महिन्यांच्या पगाराइतकी गंगाजळी स्थानिक देणग्यांतून वेगळी ठेवावी. हे सांगणे सोपे आणि करणे कठीण आहे, हे मान्य.

सही करण्याआधी एफसीआरए

पहिला प्रश्न असा की येणारी रक्कम विदेशी योगदान (विनियमन) कायद्याच्या, म्हणजेच एफसीआरएच्या, भाषेत विदेशी योगदान ठरते का. संयुक्त राष्ट्रे, जागतिक बँक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या काही संस्था यांना २०१० च्या कायद्याने ‘विदेशी स्रोत’ या व्याख्येतून वगळले आहे. इतर परदेशी देणगीदारांचा पैसा दिल्लीच्या संस्थेमार्फत रुपयांत आला तरी तो विदेशीच राहतो. देणगीदाराचा दर्जा काय, याचे लेखी उत्तर आणि त्यावर आपल्या सनदी लेखापालाचे लेखी मत असे दोन कागद फाइलच्या पहिल्या पानावर असले पाहिजेत.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा होण्याचे कारण सप्टेंबर २०२० ची दुरुस्ती. तिच्यापूर्वी दिल्लीची संस्था बंगळूरच्या संस्थेला, ती बेळगावच्या संस्थेला आणि ती तालुक्यातल्या महिला मंडळाला पैसे देत असे. आता विदेशी योगदान मिळालेली संस्था ते दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करू शकत नाही, मग त्या दुसऱ्या संस्थेकडे स्वतःची नोंदणी असली तरी. मंडळाला सोबत घ्यायचे असेल तर त्यातल्या बायकांना थेट मानधनावर नेमावे, किंवा ठरावीक सेवेचे बिल घेऊन मोबदला द्यावा. मात्र ‘सेवेचा मोबदला’ असे नाव देऊन पुढे सरकवलेले अनुदान तपासणीत टिकत नाही. सेवा कोणती, दर कसा ठरला आणि काम झाल्याचा पुरावा कुठे आहे, हे तिन्ही दाखवता यावे लागते.

त्याच दुरुस्तीने परदेशी रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यात घेण्याचे बंधन घातले. तिथून ती आपल्या गावच्या बँकेतल्या खर्चाच्या खात्यात वळवता येते. या दोन्ही खात्यांत स्थानिक देणगीचा एक रुपयाही पडू देऊ नये, आणि बचत खात्यावर मिळणारे व्याजसुद्धा विदेशी योगदान म्हणूनच दाखवावे. खाते, पत्ता किंवा पदाधिकारी बदलल्यास एफसी-६ मालिकेतला संबंधित अर्ज मुदतीत भरावा. मी हिशेब पाहत असलेल्या एका संस्थेत खजिनदार अकस्मात वारले आणि नव्या खजिनदारांची नोंद करण्याचे काम ‘वार्षिक सभा झाल्यावर करू’ म्हणून मागे पडले. हप्ता दिल्लीच्या खात्यात येऊन पडला तरी सह्यांचा घोळ मिटेपर्यंत तो गावच्या खात्यात आणता आला नाही, आणि नऊ आठवडे कार्यकर्त्या पगाराविना घरोघर फिरल्या. दोष सर्वस्वी आमचा होता.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण ती त्या आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमेवर मोजतात, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. समजा तीन वर्षांच्या प्रकल्पात पहिल्या वर्षी ६० लाख आले, तर मर्यादा १२ लाखांची होते. तिसऱ्या वर्षी शेवटचा हप्ता म्हणून २० लाखच आले तर ती ४ लाखांवर येते, आणि कार्यालयाचे भाडे, हिशेबनिसाचा पगार आणि लेखापरीक्षकाची फी मिळून खर्च मात्र ७ लाख असतो. तीन वर्षांची सरासरी दाखवून येथे सुटका होत नाही. म्हणून हप्त्यांचे वेळापत्रक ठरवतानाच हा हिशेब मांडावा. थेट कार्यक्रमासाठी नेमलेल्या माणसांचा पगार प्रशासकीय खर्चात कधी धरायचा आणि कधी नाही, हे नियमात सांगितले आहे. त्याप्रमाणे प्रत्येकाच्या नेमणूकपत्रात कामाचे स्वरूप स्पष्ट लिहावे. देणगीदाराचा ‘ओव्हरहेड’ (वरकड खर्च) आणि कायद्याचा प्रशासकीय खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे तक्तेही वेगळे ठेवावेत.

वार्षिक विवरण एफसी-४ आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे असते. नोंदणी पाच वर्षांची असते; नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी करावा, असे गृह मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. प्रकल्पाची मुदत आणि नोंदणीची मुदत एकाच कागदावर शेजारी लिहून भिंतीला लावावी. नोंदणी मध्येच संपली तर खात्यात असलेला पैसाही खर्च करता येत नाही.

लक्ष्य आणि अंदाजपत्रक

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२४ मध्ये भारतात दर लाख लोकसंख्येमागे १८७ नवे क्षयरुग्ण होते. तीन लाख वस्तीच्या तालुक्याला तो आकडा लावला तर साधारण ५६० रुग्ण येतात. प्रस्ताव लिहिणारे इथेच थांबतात. हा देशाचा सरासरी अंदाज आहे. खानापूरच्या रानातल्या विरळ वस्तीला आणि निपाणीच्या दाट गल्ल्यांना तो सारखाच लागू पडेल असे मानण्यास आधार नाही. त्यातच बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या अजून २०११ च्या जनगणनेची, ४७.७९ लाख, हीच धरावी लागते. म्हणून जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांकडून मागील काही वर्षांची तालुकावार नोंदणी घ्यावी आणि लक्ष्य तिच्यावर उभे करावे.

आधारवर्ष म्हणून २०२० मात्र घेऊ नये. कोविडमुळे देशातली नोंदणी २०१९ मधल्या सुमारे २४ लाखांवरून १८ लाखांवर घसरली होती, आणि त्या खड्ड्यापासून मोजलेली वाढ कोणताही मूल्यमापक एका बैठकीत खोडून काढतो.

यानंतर सीमेचा प्रश्न लेखी सोडवावा. लक्ष्याच्या व्याख्येत ‘प्रकल्पक्षेत्रात नोंदवलेले रुग्ण’ असे शब्द असतील तर कागवाडचा मजूर गळतो; ‘प्रकल्पक्षेत्रात राहणारे आणि प्रकल्पामार्फत उपचाराचा पाठपुरावा मिळालेले रुग्ण’ असे असतील तर तो धरला जातो. उलट प्रवाहही आहे. चंदगड तालुक्यातली माणसे मोठ्या दवाखान्यासाठी बेळगावला येतात. त्यांचे निदान येथे होते आणि बेळगावचा आकडा फुगतो, पण त्यांचा पाठपुरावा करायला आपली कार्यकर्ती चंदगडला जाऊ शकत नाही, कारण करारात कोल्हापूर जिल्हाच नाही. ज्या प्रकल्पाने हा मुद्दा सहीपूर्वी मांडला नाही त्याला दोन्ही बाजूंनी मार बसतो. मी तर पहिल्या चर्चेतच मिरज, कागल आणि चंदगड ही तीन नावे कागदावर लिहून देणगीदारासमोर ठेवतो, कारण दिल्लीच्या नकाशात राज्याची रेघ जितकी ठळक दिसते तितकी ती इथल्या रुग्णाला दिसत नाही.

खर्चाची चार तिमाहींत सारखी वाटणी ही अंदाजपत्रकातली सर्वाधिक आढळणारी चूक. ऊसतोड मजुरांच्या टोळ्या हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जातात. त्यांच्या खोपटांवरची तपासणी जुलैच्या तिमाहीत दाखवली तर ती रक्कम पडून राहणारच. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळणाऱ्यांच्या घरांत जायचे तर संध्याकाळ किंवा सुट्टीचा दिवस लागतो, आणि कार्यकर्त्यांच्या बदली सुट्टीचा विचार अंदाजपत्रकात करावा लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या भागात आषाढ-श्रावणात पाऊस असा कोसळतो की थुंकीचे नमुने वेळेत पोहोचवायला दुचाकीऐवजी गाडी करावी लागते. तिथे ट्रूनॅटसारखे थुंकी तपासणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र जवळच्या आरोग्य केंद्रात असेल तर वाहतुकीचा खर्च निम्म्याने वाचू शकतो. ते कुठे आहे, चालू आहे का आणि त्याच्या चिप कोण पुरवतो, हे आधी विचारावे.

सरकारी औषधांवर आपले लक्ष्य अवलंबून असते, हेही गृहीतक म्हणून करारात नोंदवावे. २०२४ च्या मार्चच्या सुमारास क्षयरोगाच्या औषधांचा तुटवडा झाला आणि राज्यांना स्थानिक पातळीवर खरेदी करण्यास सांगण्यात आले. अशा काळात रुग्ण उपचार सोडतो, संस्थेचा आकडा पडतो, आणि तो का पडला याची त्या महिन्यातली तारीखवार नोंद नसेल तर वर्षाअखेरीस कोणी ऐकून घेत नाही.

किर्द, व्हाउचर आणि तीन भाषा

सीमाभागातल्या प्रकल्पाचे कागद तीन भाषांत असतात. सरकारी पत्रे कन्नडमध्ये येतात, गावातल्या हजेरीपटावर सह्या मराठीत होतात आणि देणगीदाराला सगळे इंग्रजीत हवे असते. मूळ कागदाचे भाषांतर करून मूळ बाजूला टाकण्याची चूक कोणी करू नये. मूळ कागद तसाच ठेवून त्याला अर्ध्या पानाचा इंग्रजी गोषवारा जोडावा आणि त्यावर समन्वयकाची सही व तारीख असावी. हिशेबाच्या संगणक प्रणालीत प्रत्येक खर्चाला प्रकल्प, अंदाजपत्रकातील ओळ आणि तालुका असे तीन संकेत द्यावेत. देणगीदाराचे वर्ष बहुधा जानेवारी ते डिसेंबर असते आणि आपले एप्रिल ते मार्च; दर महिन्याची तेरीज (जमा-खर्चाचा गोषवारा) काढून ठेवली तर कोणतेही वर्ष हवे तिथे कापून दाखवता येते.

आता एक व्हाउचर उघडून पाहू. खर्च : पोषण आहाराचे संच, ५०. सोबत तीन दुकानांची दरपत्रके, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीची सही, जीएसटी क्रमांक असलेले पक्के बिल, बँकेतून दुकानदाराला वळवलेल्या रकमेची नोंद. येथवर सारे नीट आहे. वाटपाची यादी मात्र ४२ सह्यांची आहे. उरलेले आठ संच कुठे आहेत? कार्यालयातल्या कपाटात पाच सापडतात; दोन रुग्ण गावी नव्हते म्हणून त्यांचे संच आशा कार्यकर्तीकडे ठेवले आहेत; एकाची नोंदच नाही. तपासनीस त्या एकासाठी सबंध व्हाउचर अमान्य करू शकतो. साठा नोंदवहीत आवक, जावक आणि शिल्लक त्याच दिवशी लिहिली असती तर पुढची अर्ध्या दिवसाची शोधाशोध वाचली असती. दरपत्रकांच्या बाबतीतही एक सांगून ठेवतो : तिन्ही पत्रके एकाच हस्ताक्षरात आणि एकाच शाईत असली की तपासनिसाला पुढे काही विचारावे लागत नाही.

आहाराच्या खर्चाला दुसरा धोका दुबार लाभाचा आहे. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० रुपये झाली असून ती ३,००० रुपयांच्या दोन आगाऊ हप्त्यांत रुग्णाच्या खात्यावर जमा होते. सप्टेंबर २०२२ पासून निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवलेल्या दात्यांकडूनही शिधा दिला जातो. त्यावर आपला संच कशासाठी, याचे उत्तर मंजुरीच्या टिपणात असावे. उदाहरणार्थ, बँक खाते नसलेल्या किंवा पहिला हप्ता अजून न मिळालेल्या रुग्णालाच आपण देतो, असे.

यादीत नावाऐवजी निक्षय क्रमांक लिहावा आणि नाव-पत्त्याची यादी कुलपात ठेवावी. आमच्याकडूनच एकदा अशी यादी झेरॉक्सच्या दुकानातल्या टेबलावर राहून गेली. तीत एका लग्नाच्या मुलीचे नाव होते, आणि दुकानदार तिच्या भावकीतला निघाला. पुढे काय झाले ते येथे सांगत नाही. यादी तेव्हापासून कार्यालयाबाहेर गेलेली नाही. लेखापरीक्षकाला खात्री करायची असेल तर त्याने कार्यालयात येऊन, समन्वयकासमोर, नमुन्यादाखल नावे पाहावीत, असे त्याच्या नेमणूकपत्रातच लिहावे.

प्रवासखर्चात सीमाभागाचे स्वतःचे पेच आहेत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेखाली महिलांना राज्याच्या साध्या बसमधून मोफत प्रवास करता येतो आणि कंडक्टर शून्य रकमेचे तिकीट देतो. जुन्या अंदाजपत्रकात प्रत्येक कार्यकर्तीच्या बसभाड्याची रक्कम तशीच राहिली तर ती शिल्लक पडते, आणि ती संपवण्यासाठी ठोक भत्ता वाटणे म्हणजे न झालेला खर्च दाखवणे होय. शून्याचे तिकीट टाकून देऊ नये. पैशाची मागणी त्यावर करता येत नसली तरी कार्यकर्ती त्या दिवशी त्या गावी गेली होती, याचा तोच पुरावा आहे. वाचलेली रक्कम बस जात नाही अशा वाड्यांच्या रिक्षाभाड्याकडे वळवण्याची परवानगी मागावी. मिरज किंवा कागलला पाठपुराव्यासाठी जायचे असेल तर राज्याबाहेरच्या प्रवासाची आगाऊ मंजुरी घ्यावी. आणि बसच्या यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाची शाई काही महिन्यांत उडते. ऑडिटच्या दिवशी मी एकदा कोऱ्या कागदांचा गठ्ठाच तपासनिसाच्या हाती दिला होता. आता तिकीट आले त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढून मूळ तिकिटासोबत चिकटवतो.

बाकी नियम नेहमीचेच आहेत. एका माणसाला एका दिवशी १०,००० रुपयांवर रोख देऊ नये. ५,००० रुपयांवरच्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे. कच्ची पावती घेऊ नये. उचल दिली तर ती त्याच महिन्यात समायोजित करावी. दोन प्रकल्पांत वाटलेल्या कर्मचाऱ्याने रोजच्या कामाचे तास लिहावेत, आणि ते महिनाअखेरीस एका बैठकीत एकाच पेनाने भरू नयेत.

महिन्याचा मेळ

दर महिन्याच्या पाच तारखेला हिशेबनीस, समन्वयक आणि क्षेत्र पर्यवेक्षक यांनी एका टेबलाभोवती बसावे. आधी बँक ताळमेळ करावा. नंतर प्रत्येक कामाचा खर्च आणि त्या कामाची संख्या समोरासमोर मांडावी : थुंकीच्या किती नमुन्यांची वाहतूक दाखवली, प्रयोगशाळेच्या नोंदवहीत किती नमुने आहेत, आणि निक्षयवर किती तपासण्या चढल्या. समजा वाहतूक १२० नमुन्यांची आहे आणि प्रयोगशाळेत ११३ आहेत. सात नमुने गळके निघाले, की डबी रिकामी होती, की फेरीच झाली नाही, हे त्याच महिन्यात आठवते. सहा महिन्यांनी नाही.

निक्षयवरची माहिती जिल्हा कार्यालयामार्फतच मिळते, म्हणून तिच्या देवाणघेवाणीचा उल्लेख जिल्ह्याशी केलेल्या सामंजस्य करारात असावा. रुग्णाच्या नोंदीत निदान करणारी संस्था आणि सध्या उपचार देणारी संस्था वेगळ्या असू शकतात. मिरजेत निदान झालेल्या रुग्णाची नोंद आपल्या तालुक्याच्या क्षयरोग पथकाकडे रीतसर स्थलांतरित झाली नाही तर उपचाराचे श्रेयही तिकडेच राहते. त्यासाठी वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाच्या मागे लागावे लागते. तो कामाने पिचलेला असतो, आणि त्याला महिन्यातून एकदा नीट टंकलिखित यादी हाती दिली तर काम लवकर होते. बेळगाव, सांगली आणि कोल्हापूरच्या संबंधित कर्मचाऱ्यांची तिमाही बैठक प्रकल्पाच्या खर्चाने घेता येत असेल तर जरूर घ्यावी. चहा, नाश्ता आणि प्रवास इतक्या अल्प खर्चात इतके रुग्ण परत मिळवून देणारे दुसरे काम मी पाहिलेले नाही.

हप्ता, विनिमय दर, शिल्लक

५०,००० डॉलरचे अंदाजपत्रक ८३ रुपये दराने केले तर ते साडेएकेचाळीस लाखांचे होते, रक्कम ८५.२० दराने जमा झाली तर ४२ लाख ६० हजार येतात. वरचे १ लाख १० हजार संस्थेचे उत्पन्न नव्हे. ते देणगीदाराचेच राहतात आणि त्यांचा विनियोग विचारूनच करावा. बँकेने दिलेला आवक रकमेचा दाखला प्रत्येक हप्त्याला जोडून ठेवावा. जीएसटीची रक्कमही वेगळ्या रकान्यात लिहावी, कारण काही देणगीदार कर हा मान्य खर्च धरत नाहीत.

एका ओळीतून दुसऱ्या ओळीत किती टक्के रक्कम परवानगीशिवाय वळवता येते हे करारात असते. खर्च कमी झाला तर तो लपवू नये. कारण, सुधारित वेळापत्रक आणि पुनर्वाटपाची मागणी असे तीन परिच्छेद अहवालासोबत पाठवावेत. शेवटच्या महिन्यात संगणक आणि खुर्च्या घेऊन रक्कम संपवण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो, आणि प्रत्येक लेखापरीक्षक आधी शेवटच्या महिन्याचीच फाइल मागतो.

लेखापरीक्षण आणि प्रकल्प बंद करणे

साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. त्यामुळे ३१ डिसेंबरला संपणाऱ्या प्रकल्पात जुलैनंतर उपचार सुरू झालेल्या बहुतेक रुग्णांचा निकाल प्रकल्प संपल्यावरच लागतो. निकालाचे लक्ष्य कोणत्या तिमाहीपर्यंतच्या रुग्णांवर मोजायचे हे व्याख्येतच ठरवावे, आणि शक्य असेल तर दोन कार्यकर्त्यांचे सहा महिन्यांचे मानधन अखेरच्या टप्प्यासाठी राखून ठेवावे.

बंद करण्याचे काम शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी सुरू होते. मालमत्ता नोंदवहीतल्या प्रत्येक वस्तूवर क्रमांक रंगवलेला असावा आणि ती कोणाकडे जाणार याचे देणगीदाराचे पत्र हाती असावे. विदेशी योगदानातून घेतलेली गाडी सचिवांच्या नावावर असता कामा नये. घरमालक, दुकानदार आणि कर्मचारी यांच्याकडून ‘येणे बाकी नाही’ असे लिहून घ्यावे. कागदपत्रे किती वर्षे जपायची हे करारात दिलेले असते. खोके करताना प्रत्येकावर प्रकल्प, वर्ष आणि नष्ट करण्याची तारीख लिहावी. खानापूरच्या दमट हवेत जमिनीवर ठेवलेल्या फाइली दोन पावसाळे काढत नाहीत, तेव्हा मांडणी भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून फूटभर वर असावी.

सर्वांत शेवटी उपचार चालू असलेल्या रुग्णांची यादी करावी : निक्षय क्रमांक, गाव, उपचार सुरू झाल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख, आणि औषध बेळगावहून येते की मिरजेहून. ती तालुक्याच्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला समक्ष द्यावी, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि ज्या गावांत तो पूर्वी गेलेला नाही तिथे कार्यकर्तीने त्याला एकदा सोबत न्यावे. त्या फेरीचा प्रवासखर्च प्रकल्पाच्या मुदतीत बसेल अशी तारीख धरावी.